एका उंबऱ्याचा प्रवासखर्च

आमच्या घराण्यात मागण्याची पद्धत नाही. माझे पणजे सासरे रस्त्यावरचे दिवे लावण्याच्या नोकरीत होते. त्यांची शिडी मोडली तेव्हा शेजाऱ्याची न मागता ते पंधरवडाभर एका पिंपावर चढून दिवे लावीत राहिले, आणि जिथे पिंपावरूनही हात पोचेना ते रस्ते पंधरवडाभर अंधारात राहिले. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे आजे सासरे, पुस्तकबांधणी करीत. खळ संपली तर ते दुकान बंद ठेवीत, पण समोरच्या दुकानातून वाटीभर खळ आणीत नसत. त्यांचे चिरंजीव, माझे सासरे, शाळेत सुलेखन शिकवीत. एका पावसाळी संध्याकाळी मुख्याध्यापकांनी पुढे केलेली छत्री नम्रपणे नाकारून ते चालत घरी आले आणि आठव्या दिवशी गेले. घरात त्यांचा उल्लेख आजही आदराने होतो. नात त्यांना ‘भिजलेले पणजोबा’ म्हणते. त्याबद्दल मी तिला दोनदा रागावले आहे.

अशा घराण्यात माझा मुलगा जन्माला आला आणि त्याच्या वाट्याला मंदी आली.

तो लिफ्टच्या कारखान्यात आराखडे काढीत असे. मंदीचे पहिले लक्षण असे, की कोणालाच वर जायचे नसते. इमारती बांधणे थांबले, लिफ्टा बनणे थांबले, आणि एका सोमवारी मुलगा आपली पट्टी, कंपास आणि खुर्चीवरची उशी घेऊन दुपारीच घरी परतला. साठवणीवर चार महिने निघाले. मग घरमालकांनी चौदा तारखेची मुदत दिली. तोवर तुंबलेले भाडे न गेल्यास मुलगा, सून आणि नात सुनेच्या भावाकडे जाणार होती. त्याच्याकडे दीड खोली आहे, त्यातली अर्धी सायकलींनी भरलेली. मी माझ्या बहिणीकडे जाणार होते. ती दिवसभर रेडिओ लावते, आणि गेल्या तीस वर्षांत माझ्याशी एकाही विषयावर सहमत झालेली नाही. यातले काहीही मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान, देवाच्या कृपेने, अजून जाड झालेले नाहीत.

त्याच सुमारास सरकारने मंदीत सापडलेल्या कुटुंबांसाठी साहाय्य जाहीर केले.

“आई, अर्ज करून बघायला काय हरकत आहे?” मुलगा म्हणाला.

“अर्ज?” मी म्हटले. एवढेच म्हटले. तो पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. सुनेने कपबश्या उचलल्या आणि नेहमीपेक्षा किंचित जोरात मोरीत ठेवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी त्या दोघांना तेव्हाच ऐकवले. त्यावर नात म्हणाली, “आजी, मूठ उघडून एकदा बघू या का? सव्वा लाख निघाले तर भाडं देता येईल.”

त्यानंतरच्या दिवसांत शहरावर धुके उतरले ते उठेचना. मी खिडकीशी बसे. खालच्या मजल्यावरून एकच सूर, टण्, टण्, टण्, जमिनीतून वर येई आणि माझ्या खुर्चीच्या पायांतून अंगात शिरे. खाली पियानो जुळवून देणारे एक गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना सूरवाले म्हणतो. मंदीत पियानो जुळवून घेणारे उरले नव्हते, म्हणून ते स्वतःचाच पियानो पुनःपुन्हा जुळवीत बसत. तो सूर ऐकता ऐकता डोळा लागे, आणि अर्धवट झोपेत मला दाराशी चपलांचा एकच जोड दिसे. तो माझा असे. तिसऱ्यांदा हे दिसले तेव्हा मी निर्णय घेतला. घरात कोणी तरी अपमान सोसायचाच असेल, तर तो वडीलधाऱ्यांचा मान आहे. मी स्वतः जाणार होते, आणि कोणालाही न सांगता.

जिन्यात अर्थातच सूरवाले भेटले. साठीचा माणूस, पण मला पाहिले की शाळकरी मुलासारखा भिंतीला चिकटून वाट देतो.

“काकू, साहाय्य कार्यालयात का? मग डावीकडची रांग धरा बरं का. पिवळा अर्ज. मी मंगळवारी जाऊन आलो.”

“मी हवा खायला निघाले आहे.”

“एवढ्या धुक्यात?”

“मला धुकं आवडतं.”

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिकाबाईंनी दार किलकिले करून आवाज दिला, “काकू, तिथे थोडं खोकायचं हं! आणि डोळ्यांना पदर लावायचा. माझ्या चुलत जावेला रडल्यावर लगेच मिळालं.”

“माझी छाती उत्तम आहे,” मी म्हटले, “आणि डोळेही.”

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. परिचारिकाबाईंचा सल्ला मी मूर्खपणाचा म्हणून नाकारला. सूरवाल्यांचा मात्र शहाणपणाचा असूनही नाकारला. त्या घराकडून सुईच्या टोकाएवढीही गोष्ट, मग तो सल्ला का असेना, पुन्हा घ्यायची नाही, असा माझा एकोणपन्नास वर्षांचा नेम आहे. ‘पुन्हा’ हा शब्द वाचकाने तूर्त मनात ठेवावा.

कार्यालयाचे दालन उंच होते, आणि उंच खिडक्यांतून धुक्याचा उजेड दुधासारखा खाली सांडत होता. डावीकडे रांग होती. शंभरेक माणसे, सगळी उभी, सगळ्यांच्या हातात पिवळे कागद. त्यांत करडी शाल घेतलेली एक पाठमोरी बाई अगदी आमच्या सुनेसारखी दिसली. मला तिची दया आली. उजवीकडे गाद्यांच्या सहा खुर्च्या होत्या, पाण्याचा तांब्या होता आणि केवळ चार माणसे होती, चौघांचेही बूट चकचकीत. माणसाला आपली जागा कोणी दाखवावी लागत नाही. मी उजवीकडे जाऊन बसले.

खुर्ची मऊ होती. मला किंचित डुलकी लागली असावी, कारण शेजारच्या खुर्च्यांवर मला पणजे सासरे, आजे सासरे आणि सासरे ओळीने बसलेले दिसले. पहिल्यांच्या मांडीवर पिंप होते. तिसऱ्यांच्या अंगातून पाणी ठिबकत होते. तिघांनीही माझ्याकडे पाहून मान्यतेने मान हलवली.

“आजी, तुमचा नंबर,” टेबलामागची मुलगी म्हणाली. तिचे लेखणीचे टोपण दोऱ्याने टेबलाला बांधलेले होते; लेखणी मात्र मोकळी होती. “बसा. पाणी हवंय? बरं, सांगा, तुमच्याकडे काय काय आहे?”

माणसाची अब्रू पाहूनच सरकार मदत देत असणार, असे मी धरून चालले. “तीन खोल्यांचं हवेशीर घर आहे. बारा माणसांची काचेची भांडी आहेत, एकही तडा नाही. मुलगा सुशिक्षित आहे.”

“छान! आणि आठवड्यातून किती वेळ देऊ शकाल?”

“सरकारला हवा तेवढा.”

“लोकांच्या अडचणी ऐकून घ्यायला जमेल ना?”

“ऐकून घेते आणि सुधारतेही.”

ती मुलगी हरखून गेली. तिने माझी सही घेतली, हात हातात घेतला आणि माझ्या शालीला एक निळा बिल्ला टाचला. पोचपावती एवढी देखणी देणाऱ्या सरकारबद्दल माझे मत तत्क्षणी सुधारले. बिल्ल्यावर ‘कुटुंबमित्र’ असे लिहिले होते. योजनेचेच नाव असावे, असे मला वाटले.

घरी मी कोणाला काही बोलले नाही, पण बिल्ला काढलाही नाही. परिचारिकाबाई जिन्यात एकदम अदबीने बोलू लागल्या. सूरवाल्यांनी बिल्ल्याकडे पाहिले, तोंड उघडले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तोंड मिटले.

सहा तारखेला जाड कागदाचे पत्र आले. गरजू कुटुंबांना भेट देऊन त्यांची खरी स्थिती शासनास कळवण्याच्या कार्यात स्वयंस्फूर्तीने पुढे आल्याबद्दल शासन माझे आभारी होते. म्हणजे मी मदत मागणाऱ्यांच्या नव्हे, मदत करणाऱ्यांच्या रांगेत बसून आले होते. खुर्च्यांनी घात केला. पण खरा घात पुढेच होता. ‘आपणास सोपविण्यात आलेले कुटुंब’ या शब्दांखाली जो पत्ता होता, तो तिसरा मजला, डावीकडचे दार असा होता. त्या दाराला मी आतून टेकूनच ते पत्र वाचत होते.

सोबत अर्जाची प्रत होती. अर्जदार: आमची सूनबाई. करडी शाल तीच. ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात तिने स्वतःचे नाव घातले होते. ‘अवलंबून असलेल्या व्यक्ती’ या रकान्यात लिहिले होते: दोन. एक बालिका, एक वृद्धा.

वृद्धा!

मी सुनेला हाक मारली. ती आली, पत्र पाहिले, आणि पदराशी चाळा करीत उभी राहिली. पण तिने मान खाली घातली नाही.

“आई, रागवायचं तर रागवा. पण चौदा तारखेला मला माझ्या लेकीला सायकलींच्या खोलीत झोपवायचं नव्हतं. आणि तुम्हाला मावशींच्या रेडिओपाशी सोडायचं नव्हतं.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही ‘अर्ज?’ म्हणाला असता.”

मी शाल घेतली आणि थेट कार्यालय गाठले.

“यंत्र पत्त्यावरून सर्वांत जवळचं कुटुंब निवडतं, आजी,” ती मुलगी म्हणाली. “तुमच्याहून जवळचं कोणी सापडणार कुठून?”

“पण नियम असेल ना काही?”

तिने नियमांचे पुस्तक काढले. बराच वेळ पाने चाळली. “शेजाऱ्याची चौकशी शेजाऱ्यानं करू नये, असं आहे. शेजारी म्हणजे लगतच्या दारामागे राहणारा. तुमचं दार एकच आहे. तुम्ही शेजारी होत नाही.”

“मी सासू आहे!”

“सासूबद्दल काही नाही.” तिने पुस्तक मिटले. “बदली मित्र नेमायला सहा आठवडे लागतील. नेमू?”

चौदा तारखेला आठ दिवस होते. “नको,” मी म्हटले.

“मग भेट रीतसर हवी हं. बाहेरून यायचं, घंटी वाजवायची, कुटुंबप्रमुखांची परवानगी घेऊन बसायचं. तीन भेटी. आणि खरं तेच लिहायचं, आजी. चांगलं दिसावं म्हणून लिहिलं की अर्ज नामंजूर होतो. बरीच घरं तिथंच अडकतात.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी बाहेर गेले, दार ओढून घेतले आणि स्वतःच्या घराची घंटी वाजवली. एकोणपन्नास वर्षांत ती मी कधी वाजवली नव्हती. आतून तिचा आवाज अगदी लांबचा, दुसऱ्याच कोणाच्या घरातल्यासारखा आला.

“कोण आहे?” नात.

“कुटुंबमित्र.”

“आई, आजी आलीये! ती म्हणते ती आजी नाहीये!”

मुलगा गडबडीने उठला. “ये आई... म्हणजे या... काय म्हणू?”

“कामाच्या वेळी बाई म्हण.”

सुनेने मला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवले. या खुर्चीवर मी प्रथमच बसत होते. तिचा मागचा पाय डुगडुगत होता. म्हणजे इतकी वर्षे आमचे पाहुणे डुगडुगत बसत होते आणि सभ्यपणे हसत होते. चहा आला, बारा माणसांच्या काचेतून. माझा चहा चहासारखा होता. सुनेच्या पेल्यात नुसते गरम पाणी होते, आणि ती ते फुंकर घालून, चवीने पीत होती. नातीच्या कोटाच्या बाह्यांना मनगटापाशी निळी पट्टी जोडली होती. ते माझ्या जुन्या पडद्याचे कापड होते. मी तर तिला नव्या फॅशनबद्दल रागावले होते.

आणि गारठा. खोलीत माझ्या श्वासाची वाफ दिसत होती.

“हीटर बंद का?” मी विचारले.

“आम्हाला गारच आवडतं,” मुलगा म्हणाला.

“खरं तेच लिहायचं आहे,” मी म्हटले.

मुलगा सुनेकडे पाहू लागला. शेवटी नात म्हणाली, “बाई, हीटर फक्त आजीच्या खोलीत चालू असतो. आजीला सांगायचं नाही असं ठरलंय. तुम्ही सांगू नका हं.”

मी मान डोलावली. खालून तोच एक सूर येत होता. मला वाटले, हे कोणा दुसऱ्यांचे घर आहे, मी धुक्यातून चुकून इथे आले आहे, आणि या घरातली म्हातारी आतल्या उबेच्या खोलीत बसून घराण्याच्या गोष्टी सांगते आहे. त्या म्हातारीला चार शब्द सुनवावेत असे फार मनात आले. पण ती बाहेर गेली होती.

तीन भेटी झाल्या. तिन्ही वेळा घंटी वाजवली. अहवालात मी खुर्ची लिहिली, गरम पाणी लिहिले, पडद्याच्या बाह्या लिहिल्या, हीटर लिहिला. सासऱ्यांच्या वळणाचे सुंदर अक्षर काढून लिहिले; लिहिताना दर ओळीला कोणी तरी माझ्याच हाताने माझी मूठ एकेक बोट उघडीत आहे असे वाटत होते. ‘कुटुंबप्रमुख’ रकान्यावर मी क्षणभर थांबले आणि पुढे लिहिले: ‘योग्य व्यक्ती.’ ‘वृद्धा’ तशीच ठेवली.

शेवटचा प्रश्न होता: या कुटुंबाने यापूर्वी कोणाकडून मदत घेतली आहे काय? असल्यास परत केली काय?

येथे मी एक संपूर्ण दुपार बसून राहिले.

सासरे भिजून गेले त्यानंतरचा तो हिवाळा होता. ह्यांना नोकरी लागायला अवकाश होता, आणि मुलगा अकरा दिवसांचा होता. शेगडी थंड, खोली थंड, आणि बाळाचे ओठ निळे पडू लागले होते. सासूबाईंनी माझ्या हातात रिकामी गोणी दिली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “खाली जा. मी पाठवलं असं सांगू नकोस.” खाली सूरवाल्यांच्या आई राहत. त्यांनी काही विचारले नाही. आपल्या पेटीतला कोळसा काढून अर्धी गोणी भरून दिली. दहा-अकरा वर्षांचा त्यांचा मुलगा दिवा धरून उभा होता. वर आल्यावर मी खडे मोजले, कारण परत करायचे होते. एकसष्ट होते. त्या उबेत माझा मुलगा जगला. मग दिवस सुधारले, सासूबाईंनी तो विषय कधी काढू दिला नाही, कोळशाच्या शेगड्या गेल्या, त्या बाईही गेल्या. जिन्यात त्यांचा मुलगा समोर आला की मी मान अधिक ताठ करी. ऋणाच्या ओझ्याने मान वाकते म्हणतात. आमच्या घराण्यात ती आखडते.

मी लिहिले: ‘होय. कोळसा, अर्धी गोणी. परत केलेला नाही.’

बारा तारखेला साहाय्य मंजूर झाले. तेरा तारखेला घरमालकांनी पावती दिली. चौदा तारखेला दाराशी चपलांचे चार जोड होते. मी ते दोनदा मोजले आणि हीटर उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला.

त्यानंतर आठवड्याने सरकारने मला आणखी एक पत्र पाठवले. कुटुंबमित्राला दर भेटीचा प्रवासखर्च मिळतो. अंतराच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘एक उंबरा’ लिहिले होते. यंत्राला उंबरा मोजता येईना, म्हणून त्याने तीन भेटींचा किमान दर लावला. ही रक्कम साहाय्याची नव्हे, माझ्या कष्टाची होती. एवढा अवघड प्रवास मी आयुष्यात केलेला नाही.

आता कोळसा मिळणे सोपे राहिलेले नाही. मुलाने तीन बाजार पालथे घातले. शेवटी फाटकांचे गज वळवणाऱ्या एका लोहाराकडे तो मिळाला. “आजी, वजनावर घ्या की,” लोहार म्हणाला. “मोजून द्या,” मी म्हटले, “आणि मध्यम आकाराचे.” मुलाने गोणी जिन्यापर्यंत आणली. तिथून ती मी घेतली. तो नको नको म्हणत होता. मी त्याच्याकडे नुसते पाहिले.

सूरवाल्यांनी दार उघडले. त्यांच्या खोलीत पियानो होता, दोन खुर्च्या होत्या, आणि शेगडीच्या जागी कधीचाच भिंतीला गिलावा झाला होता.

“काकू! हे क...” ते म्हणाले, आणि मध्येच थांबले.

“अर्धी गोणी,” मी म्हटले. “आत ठेवा. आणि मोजून घ्या.”

मला वाटले होते, ते हसतील, किंवा ‘राहू द्या हो’ म्हणतील, आणि तसे म्हणाले असते तर मी त्यांना कधी क्षमा केली नसती. पण ते पियानोपाशी खाली बसले, एक वर्तमानपत्र अंथरले आणि एकेक खडा मांडू लागले. बोटे काळी झाली. मी उभी होते. अर्ध्या तासाने ते म्हणाले, “एकसष्ट. बरोबर आहेत.”

“तुम्हाला आकडा ठाऊक होता?”

“आईनंही मोजूनच दिले होते. जाताना सांगून गेली, वरच्या घरातून एक दिवस येतील परत. मागायचे नाहीत. आणि येतील तेव्हा ‘कशाला’ म्हणायचं नाही.” त्यांनी हात पुसले. “आत्ता निसटत होतं तोंडातून. सांभाळलं.”

“फिटलं?” मी विचारले.

“पूर्ण फिटलं, काकू.”

धुक्याचा उजेड पियानोवर, कोळशावर, आम्हा दोघांवर सारखाच पडला होता. एकोणपन्नास वर्षांत प्रथमच मी त्या घरातली खुर्ची ओढली आणि बसले. ती डुगडुगत नव्हती.

“आता चहा टाका,” मी म्हटले. “आणि तुमच्या पिवळ्या अर्जाचं काय झालं ते सांगा. माझ्याकडे बिल्ला आहे.”